गुण्याचं कवाड, थोरल्याचं कवाड

पुनरुज्जीवन मंडळाने एक गुळगुळीत पुस्तिका काढली आहे. तिच्यात माझ्या धाकट्या भावाचा पानभर फोटो आहे. हातात पटाशी, अंगात इस्त्रीचा सदरा आणि नजर वर आभाळात. खाली छापलंय, 'लाकडात अनंताचा शोध घेणारा साधक.' मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. माझा भाऊ आभाळाकडे बघतो ते चंद्र तिरका उगवलाय की काय, एवढंच तपासायला. आणि तो सदरा त्याचा नाही, फोटो काढणाऱ्याचा आहे. बाह्या बघा, पटाशी दिसते, बोटं दिसत नाहीत.

तेव्हा म्हटलं, त्याची हकिकत आपणच लिहावी. माझं शिक्षण शाळेतला फळा पुसण्यापुरतंच झालं, पण पुसायच्या आधी वाचायची सवय लागली, ती अजून आहे.

त्याला सगळे गुण्या म्हणतात. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन बघायचं हत्यार. हे नाव त्याला फार लहानपणी पडलं. जेवायला बसला की आधी आपलं ताट सरळ करायचा, मग शेजारच्याचं, आणि तोवर त्याच्या वाटणीचं कुणीतरी खाऊन टाकायचं. त्याचं लग्न ठरवायला गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काही विचारायचंय का मुलीला?" तर हा म्हणतो, "तुमच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे." आणि खिशातून लाकडाची ढलपी काढून पायाखाली सरकवली. मला वाटलं, झालं, आता चहासुद्धा मिळणार नाही. पण पडद्याआडून मुलगीच म्हणाली, "अब्बा, हो म्हणा. आठ वर्षं त्या टेबलावर माझा चहा सांडतोय." ती माझी भावजय. टेबल स्थिर झालं, पण संसारात मात्र ती रोज एखादी वस्तू मुद्दाम वाकडी ठेवते. म्हणते, "त्याला काम नको का?"

आमचे अब्बा नक्षीकाम करायचे. मोहल्ल्याच्या मशिदीचं दार त्यांच्या हातचं. त्यांच्याकडे मोजपट्टी नव्हती. एक पितळी परकार आणि एक सरळ फळी, बस्स. फळीवर वर्तुळ, त्या वर्तुळावर दुसरं, मग तिसरं, आणि बघता बघता त्यांच्या आतून चांदण्या निघायच्या. चांदण्यांच्या कडेने लाकडाच्या पट्ट्या धावायच्या, वेणीतल्या पेडांसारख्या. एक पट्टी इथे दुसरीच्या वरून गेली की पुढच्या वळणावर खालून जाणार. अब्बा दोन्ही पोरांना बसवून सांगायचे, "कुठलीच पट्टी कायम वर राहत नाही. राहिली तर नक्षी उसवते." दोघांनी मान डोलावली. आणि अब्बा हे दुसऱ्याला सांगताहेत, असं दोघांनीही समजून घेतलं.

दुसरा म्हणजे आमचा थोरला. मी त्याहून थोरली, पण मला विचारतो कोण.

अब्बा गेल्यावर दोघांनी मिळून एक लाकडी जाळीचा पडदा घेतला होता करायला. थोरला म्हणाला, चांदणीच्या पोटात फूल कोरायचं. गुण्या म्हणाला, पोट कोरं ठेवायचं.

"फूल नसलं की चांदणी उपाशी दिसते," थोरला.

"फूल घातलं की चांदणी राहत नाही, बशी होते," गुण्या.

"तुझं डोकंच बशी."

"मग तुम्ही त्यात चहा ओता."

एवढ्यावरून बोलणं बंद. लोकांच्या घरी जमिनीवरून भांडणं होतात, दागिन्यांवरून होतात. आमच्याकडे लाकडी फुलावरून झालं, आणि तेही न कोरलेल्या. पडदा अर्धाच राहिला. दोघांची दुकानं एकाच गल्लीत, समोरासमोर. एकाला रंधा हवा असला की तो रस्त्यातल्या गिऱ्हाइकाला सांगणार, "समोरच्यांना म्हणावं, रंधा हवाय." गिऱ्हाईक रस्ता ओलांडून रंधा घेऊन यायचं. पुष्कळ गिऱ्हाइकं अशी फुकट राबली.

नक्षी कुणालाच नको होती. लोकांना गुळगुळीत कपाटं हवी होती, फडकं मारलं की स्वच्छ. तेव्हा दोघेही प्लायवुडच्या कामाला लागले. गुण्याची खासियत म्हणजे चपलांचं रॅक. गल्लीतल्या प्रत्येक दाराशी त्याचं रॅक आहे, आणि एकही डगमगत नाही. पण त्यातल्या एकाकडेही कुणी थांबून बघत नाही. चपलेकडे बघतात.

अशात मशिदीचं दार खालून वाळवीने पोखरलं. जोराने लावलं की भुसा पडायचा. आणि त्याच सुमारास मंडळ निघालं.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे फरशीच्या दुकानाचे मालक. माणूस वाईट नाही, फक्त माइक हातात आला की खाली ठेवता येत नाही. दुसऱ्या एक सल्लागार बाई, कॉलेजात चित्रकला शिकवणाऱ्या. बाई मात्र जाणत्या होत्या. गावोगावची जुनी दारं बघत हिंडलेल्या. पहिली सभा झाली तेव्हा हॉलमध्ये फलक, 'एका मृत कलेचा पुनर्जन्म'. रंगीत कागद कापून चांदण्या करायचं शिबिर होतं. मी आणि गुण्या पुढच्या रांगेत, कारण चहा पुढून वाटत आणायचे. अध्यक्ष कळवळून सांगत होते, ही कला मेली, तिला खांदा द्यायलाही आपण नव्हतो. गुण्या माझ्या कानाशी लागला.

"आपा, कधी वारली?"

"कोण?"

"कला. मला कुणी कळवलंच नाही."

शिबिरात त्यालाही कागद कापायला दिला. त्याने कापला. शेजारी बसलेल्या एका बाईंनी बघून म्हटलं, "छान जमतंय हो तुम्हाला, पहिल्यांदाच का?" त्याने हो म्हटलं. चहा दुसऱ्यांदा येत होता, वाद कोण घालणार.

मग दाराचा विषय निघाला. अध्यक्षांनी आधीच एक रंगीत कॅटलॉग मागवला होता. कारखान्यात मशीन दाबलेल्या भुशाच्या फळीवर नक्षी कापतं, वर लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवतात, आठवड्यात दार घरपोच. बाई म्हणाल्या, "भुसा तर आताच्या दारातूनही पडतोय. नवीन कशाला आणायचा?" सागवानी दार हाताने कोरून घ्यायचं, असा त्यांचा हट्ट. पण उद्घाटनाचा दिवस आणि पाहुणे ठरून गेलेले. एका माणसाच्याने तोवर होणार नव्हतं. दोन कवाडं, दोन भाऊ, एकेकाने एकेक करावं, असं ठरलं. नाही जमलं तर कारखान्याचं दार. 'दोघा भावांची जुगलबंदी' असा फलक रंगवून झाला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की भावांना अजून विचारलेलं नाही.

गुण्या माझ्याकडे आला. माझ्या पलंगाजवळची चटई आधी भिंतीला समांतर केली, मग तिच्यावर बसला.

"आपा, मी आजवर केलं ते सगळं भिंतीला टेकवून ठेवलेलं आहे. ह्या दाराला दोन्ही बाजू असतील. अब्बांच्या जागी ते उभं राहिलं तर मी नक्षीवाला. कारखान्याचं लागलं तर चपला ठेवणारा म्हणूनच मला खांदा देतील."

"मग कर की."

"पण भाईंशी बोलणार नाही."

"तोंडाने कोरतोस का? हाताने कर."

हे सांगून मी स्वतःला फार शहाणी समजले.

बाईंनी जुन्या दारावर कागद लावून, शिसपेन्सिलीने घासून नक्षी उतरवून घेतली. रेघा सगळ्या उठल्या. पण इतक्या वर्षांच्या हातांनी दार झिजलेलं, मधल्या कडेला तर सपाटच. कुठली पट्टी वर आणि कुठली खाली, ते कळत नव्हतं. बाईंनी दोघांना अर्धा अर्धा कागद दिला आणि सांगितलं, "बाकी तुम्हाला समजेल. फक्त दोन कवाडं मध्ये मिळतात तिथे कुणाची पट्टी वरून जाणार, तेवढं आपसात बोलून घ्या."

आपसात बोलून घ्या. बाई गावात नव्या होत्या.

समोरासमोरच्या दुकानांत ठकठक सुरू झाली. खूप वर्षांनी गल्लीत सागवानाचा वास आला. एकाने हातोडी थांबवली की दुसराही थांबायचा, कान देऊन. मी गुण्याला विचारलं, "मधल्या कडेचं भाईला विचारून येऊ का?"

"त्यात विचारायचं काय? अब्बांच्या हाताखाली शिकलेत. त्यांनी त्यांची पट्टी खालून घ्यायची, हे त्यांना कळतं."

थोरल्याकडे गेले. तो म्हणाला, "धाकट्याला एवढी अक्कल आहे आपा, की थोरल्याची पट्टी वरून जाते." दोघांचाही आवाज इतका ठाम होता की मला वाटलं, ठरलेलंच असणार.

कवाडं बसवून बघायचा दिवस आला. चौकटीत दोन्ही चढली, बिजागऱ्या कुरकुरल्या, इमामसाहेबांनी आतून हलकेच लावून घेतली. लांबून काय दिसत होतं म्हणून सांगू! गुण्याच्या चांदण्या कोऱ्या, धारदार. थोरल्याच्या चांदण्यांच्या पोटात फुलं. तेही एकमेकांत शोभत होतं. पण मधल्या कडेला, वरपासून खालपर्यंत, दोघांच्याही पट्ट्या वर. एकीनेही खाली जायचं नाव घेतलेलं नाही. बोळात दोन बोकड समोरासमोर यावेत तशी प्रत्येक ठिकाणी टक्कर.

टाळ्या वाजल्या. भाऊ मात्र दगडासारखे. बाईंनी त्या कडेवरून बोट फिरवलं.

"हे... असंच असतं का?"

"हो," दोघे एकदम म्हणाले.

इतक्या वर्षांत एकत्र काढलेला तो पहिला शब्द, आणि तोही खोटा.

अध्यक्षांनी लगेच माइक मागितला. "ही आपल्या भागाची खास शैली!" बाईंनी चष्म्यावरून आधी एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे, आणि माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "आजी, भाऊ हे दोनच ना? आणखी नाहीत ना कुणी?"

तेल पाजण्यासाठी कवाडं उतरवून ज्याच्या त्याच्या दुकानात नेली. तिथून गुण्याचं जेवण गेलं. भावजय सांगायची, "ताट मी मुद्दाम तिरकं वाढते, तरी सरळ करत नाहीत. आजारी आहेत का?" ज्याला शेजाऱ्याची चप्पल वाकडी पाहवत नाही, त्याने स्वतःच्या दारावर खोटं हो म्हटलेलं. दोन दिवस तो कवाडासमोर नुसता बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत ठकठक चालू झाली. आपल्या कडेची प्रत्येक पट्टी तो पटाशीने उतरवून खाली नेत होता. मला म्हणाला, "आपा, जाऊ दे. भाईंची जाऊ दे वरून. कुणाला सांगू नका, उद्घाटनाला त्यांना आपसूक दिसेल."

माझा ऊर भरून आला. हे गोड गुपित पोटात घेऊन मी बाहेर पडले, तर समोरचंही शटर अर्धं ओढलेलं आणि आत ठकठक. मला वाटलं, तेल पाजतोय. तेल पाजताना ठकठक होत नाही, हे माझ्या घरी पोचल्यावर लक्षात आलं.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी कवाडं परत चढली. आता मधल्या कडेला दोघांच्याही पट्ट्या खाली. टक्कर होती तिथे खळगे, वरपासून खालपर्यंत, पडलेल्या दातांसारखे. दोघांनी माघार घेतली होती, आणि तीसुद्धा एकमेकांना न विचारता.

"शैली बदलली का?" अध्यक्षांनी विचारलं. मग त्यांनी बाजूला जाऊन कारखान्याला फोन लावला. दार ट्रकने उद्घाटनाच्या सकाळी येणार. बाईंनी एवढंच पदरात पाडून घेतलं, की तोवर हे दार चौकटीत राहील, आणि धड झालं तर हेच उघडायचं. नाहीतर ते.

गुण्या पायरीवर बसला. चेहरा असा, की अब्बांना पोचवून आलो त्या दिवशीही नव्हता. थोरला खांबाला टेकून उभा.

"लाकूड काढता येतं," थोरला हवेत बघून म्हणाला, "घालता येत नाही."

"तुकडा बसवता येतो," गुण्या पायरीला म्हणाला.

"खळग्याच्या मापाचा पाहिजे."

"अब्बांच्या दाराचा वरचा भाग अजून कणखर आहे."

मी म्हटलं, "एक हवेशी बोलतोय, एक पायरीशी. ह्या दोघी कामाला येणार आहेत का? माझ्या तोंडाकडे बघून बोला, मी इकडचं तिकडे देते." तसं चाललं थोडा वेळ. पण कारागिरांच्या बोलण्यात इतके शब्द येतात की माझी दमछाक झाली, आणि मी पाणी प्यायला गेले तेवढ्यात ते आपसात बोलू लागले. म्हणजे भांडू लागले. भांडण्यात बोलणं येतं, मी तेवढ्यावर खूश.

अब्बांच्या जुन्या दाराचं लाकूड चिरून शंकरपाळ्याच्या आकाराचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक खळग्यावर एक. दोन्ही कवाडांवर तो पसरेल, पण ठोकायचा मात्र एकाच कवाडाला, कारण दार उघडायला हवं. तर कुणाच्या?

"माझ्या," थोरला.

"तुमचं कवाड काय नवाबाचं आहे?"

"मी थोरला आहे."

"लाकडाला वय विचारतात का?"

इमामसाहेबांनी बाहेर येऊन हात जोडले. "आत लोक नमाज पढताहेत. इतकी वर्षं गप्प होतात, आणखी अर्धा तास जमेल का?"

शेवटी भावजय, डबा घेऊन आली होती ती, वैतागून म्हणाली, "एक तुझा, एक माझा करा! पोरांना गोळ्या वाटतात तसं!" ती टोमणा मारत होती. ह्यांना तो नकाशा वाटला. एक तुकडा गुण्याच्या कवाडाला ठोकलेला, थोरल्याच्या कवाडावर टेकणारा. त्याखालचा थोरल्याच्या कवाडाला, गुण्याच्यावर टेकणारा. थोरल्याच्या तुकड्यांवर फूल, गुण्याचे कोरे. दार लावून ठेवूनच बाहेरून काम चाललं, लोक बाजूच्या दाराने ये-जा करत होते. शेवटचा तुकडा बसला तो उद्घाटनाच्या सकाळी, तेव्हा ट्रक गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देत होता.

आणि दार दिसत होतं, अगदी अब्बांच्या दारासारखं. नाही, खोटं कशाला बोलू, त्याहून जरा बरं.

पाहुणे आले. कारखान्याचं दार प्लास्टिकमध्ये गुंडाळून भिंतीशी उभं होतं, वाट बघत बसलेल्या सवतीसारखं. इमामसाहेबांनी आतून थोरल्याच्या कवाडाची खिट्टी लावून घेतली. दोन कवाडी दाराचं सगळीकडे असंच करतात, एक बंद ठेवायचं आणि दुसरं ढकलायचं. अध्यक्षांनी एका हातात माइक धरला, दुसरा गुण्याच्या कवाडावर ठेवला, फोटोकडे बघून हसले आणि ढकललं.

दार हललं नाही.

अध्यक्ष हसतच राहिले आणि जोर लावला. माइकमधून त्यांचं कण्हणं सगळ्या मोहल्ल्याने ऐकलं. मग त्यांनी खांदा लावला. मागे कुणीतरी म्हणालं, "रंगवलेलं दार आहे का? खरं मागे असेल." ट्रकवाल्याच्या माणसाने प्लास्टिकला सुरी लावली. मी गुण्याकडे बघितलं. तो दाराकडे नाही, त्या सुरीकडे बघत होता.

मग त्याची नजर तुकड्यांवर गेली. वरून खाली. एक तुझा, एक माझा.

"भाई!" तो ओरडला. थेट, मध्ये मी नाही, गिऱ्हाईक नाही, पायरी नाही. "भाई, तुमची खिट्टी!"

"माझी खिट्टी काय?"

"तुमचं बंद तर माझं कसं हलेल? माझे तुकडे तुमच्यावर टेकलेत!"

थोरल्याच्या चेहऱ्यावर उजाडलं. "आणि माझे तुझ्यावर! अरे, म्हणजे एकटं उघडणारच नाही!"

"कधीच नाही!"

"हे ठोकताना का नाही सुचलं तुला?"

"तुम्ही थोरले ना!"

"इमामसाहेब!" थोरला फटीला तोंड लावून गरजला. "खिट्टी वर करा!"

खिट्टी वर झाली. अध्यक्ष अजून खांदा लावूनच होते, आणि दोघा भावांनीही त्याच क्षणी एकेका कवाडाला दोन्ही हात लावले. दार उघडलं, दोन्ही कवाडं एकदम, एका आवाजात. अध्यक्ष उद्घाटन करायच्या आधीच आत पोचले, माइकसकट. आतून, चटईवरूनच त्यांनी भाषण सुरू केलं. "एकतेचं हे प्रतीक आम्ही जाणीवपूर्वक..." तेच पुढे पुस्तिकेत छापलं. नव्या शिबिरात हल्ली बाई कागदाची दोन कवाडं करायला शिकवतात आणि 'एकतेचं प्रतीक' म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. हसू येतं म्हणून.

कारखान्याचं दार अध्यक्षांच्या गोदामाला लागलं. पहिल्या पावसात फुगलं म्हणे.

आता मशिदीचं दार रोज उघडतं. जड सागवान, त्यात एक ढकललं की दुसरं बरोबर येणार, म्हणून दोन्ही हात लावावे लागतात. लोकांची कुरकुर सुरू झाली. हातात चपला, पिशव्या, छत्र्या, दार ढकलायचं कशाने? तर गुण्याने दाराशेजारी एक लांबलचक रॅक करून दिलं. जो चपला ठेवणारा म्हणून मरायला घाबरत होता, त्याने स्वतः होऊन. सागवानी, काटकोनात, जराही न डगमगणारं. ते घडवत असताना तो एक दिवस जेवायला गेला, तेवढ्यात थोरल्याने त्याच्या मधल्या फळीवर एक फूल कोरून ठेवलं.

गुण्या रोज सकाळी जाऊन आपल्या चपला बरोबर त्या फुलावर ठेवतो. थोरला मागाहून येतो, त्या उचलून बाजूला ठेवतो. मग दोघे पायरीवर बसतात आणि ह्यावरून भांडतात. मी ऐकते. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतं.